सोवनींचं पठार

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमची बेल वाजली आणि दारात सोवनीकाका उभे दिसले, की मी आधी स्वयंपाकघराकडे वळून ओरडते, "आई, चटणी वाटून घ्या पटकन!" कारण काकांचं पुढचं वाक्य मला पाठ आहे.

"दोन तास मिक्सर लावू नका. गीझर नको, इस्त्री नको. जमलं तर लिफ्टही नको."

"का हो काका?"

"घरात काम काढलंय."

"कसलं?"

"धोक्याचं."

एवढं बोलून ते पुढच्या दाराकडे जातात. आमच्या मजल्यावरच्या जुन्या माणसांना याची सवय आहे. पण मागे एक नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या बाईंनी 'धोक्याचं' हा शब्द ऐकला, पोरांना चपला घातल्या आणि दोन तास खाली बागेत नेऊन बसवलं. परत आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "गॅसचं काही होतं का?"

गॅसचं नव्हतं. सोवनीकाका त्या दिवशी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात बसायची सोय करत होते. त्या खेळातल्या माणसांना उभं राहता यायचं, पळता यायचं, पोहता यायचं. पण पायरीवर टेकता यायचं नाही. ती सोय करताना मध्येच वीज जाऊ नये म्हणून दोन तास सगळ्या मजल्याचे मिक्सर बंद.

हा खेळ म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचं एक अफाट जग आहे. त्यात माणसं झाडं तोडतात, गहू लावतात, घरं बांधतात. एकाच वेळी पुष्कळ जण आपापल्या घरून त्यात येऊ शकतात, पण ते जग कुठल्या तरी एका मशीनवर चालू असावं लागतं. त्या मशीनला सर्व्हर म्हणायचं. हा सर्व्हर धायरीत, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, सोवनींच्या बेडरूममध्ये कपाटाशेजारी ठेवलेला आहे. त्यावर एक स्वच्छ नॅपकिन घातलेला असतो. मूळ खेळात नसलेली एखादी सोय हवी असेल तर एक छोटा प्रोग्रॅम वरून जोडावा लागतो. त्याला म्हणतात प्लगिन. सोवनी त्याला म्हणतात पाहुणा.

"पाहुणा येताना हसतच येतो," ते म्हणतात. "काय फोडून गेला ते तो गेल्यावर कळतं."

हे सगळं त्यांच्या गळ्यात पडलं ते भाच्यामुळे. निखिलने ऑफिसातल्या मित्रांसाठी हा सर्व्हर उभा केला, त्या जगाला 'पठार' असं नाव दिलं आणि दोन वर्षांत परदेशी नोकरी लागल्यावर मशीन मामाकडे आणून ठेवलं. "मामा, जरा चालू ठेव," एवढंच तो म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, महिनाभर. सोवनींनी विचारलं नाही किती दिवस. निखिल तिकडे रमला, त्याचे मित्र लग्नं होऊन पांगले. पण त्यांच्या ओळखीने साताऱ्यापासून सिंगापूरपर्यंतची कुठली कुठली मराठी माणसं पठारावर येऊन राहिली होती. ती राहिली, आणि सोवनी चालू ठेवत राहिले.

निवृत्तीआधी ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, सुरक्षेच्या खात्यात. "तिथे तुम्ही नेमकं काय करायचात?" असं मी एकदा विचारलं होतं.

"काही होऊ द्यायचो नाही."

"आणि मग?"

"मग काही झालं नाही."

मला वाटतं, सगळं मूळ इथे आहे. ज्या माणसाने आयुष्यभर 'काही न होणं' हेच काम केलं, त्याला निवांत कधी वाटणार? काही झालं नाही, म्हणजे अजून झालं नाही, इतकंच. ते बोलता बोलता मध्येच थांबतात आणि कान टवकारतात. बेडरूममधल्या पंख्याचा आवाज बदलला का, ते ऐकत असतात. सिंहगड रोडवर वाहतूक तुंबली आणि घरी पोचायला उशीर झाला, की मला फोन येतो, "वैशाली, तुमच्याकडे लाइट आहे ना? जरा भिंतीला कान लावा. घरघर ऐकू येतेय?" मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, घरीच असते. लावते कान. ऐकू येते घरघर.

एखादं प्लगिन घ्यायचं ठरलं तर सोवनी आधी त्याच्याबद्दलच्या तक्रारी वाचतात. कौतुक वाचत नाहीत. तक्रारच नसेल तर ते प्लगिन बाद. "कुणी वापरलेलंच नाही, तर तक्रार कोण करणार?" मग ते कुणी लिहिलंय, तो माणूस अजून त्याच्याकडे लक्ष देतो का, आधीच्या प्लगिनांशी त्याचं पटतं का, याची चौकशी. मग पठाराची एक नक्कल करायची, घरं-माणसं नसलेली, त्या रिकाम्या जगात ते प्लगिन आठवडाभर ठेवायचं आणि रोज जाऊन काय बिघडलंय ते बघायचं.

सुलभाकाकू हे सगळं पोळ्या लाटता लाटता ऐकत असतात. एकदा म्हणाल्या, "एवढी चौकशी त्यांच्या आत्या येण्याआधी केली असती, तर महिनाभर राहिल्या नसत्या हो."

"आत्यांची नक्कल करता येत नाही," आतून आवाज आला.

"नशीब."

आणि इतकं करूनही बिघडायचं ते बिघडायचंच. बसायच्या प्लगिनचं आणि घोड्यांच्या प्लगिनचं पटलं नाही. घोड्यावर बसायला गेलेली माणसं घोड्याखालच्या जमिनीत कमरेपर्यंत रुतून बसायला लागली. कुणाचं काही नुकसान झालं नाही. उलट लोकांना मजा वाटली. सोवनी मात्र तीन दिवस जेवले नाहीत धड. "आज घोडा आहे," ते म्हणाले, "उद्या विहीर असेल."

एकच पाहुणा त्यांना लाभला. पठारावर प्रत्येकाचं खातं इंग्रजी अक्षरांत असतं, कसलीतरी अगम्य नावं, मागे आकडे. लोकांना मराठी नावं हवी होती. तशी सोय करणारं प्लगिन महिनाभर खटपट करून त्यांनी जोडलं आणि ते चाललं. खरं खातं तेच, फक्त डोक्यावर दिसणारं नाव मराठी. पठारावर एका सकाळी बारसं झालं. बुलडोझर, पावटा, आमटीभात, खारूताई. सोवनींनी स्वतःसाठी नाव घेतलं 'व्यवस्थापक'.

गेल्या हिवाळ्यात पठार हळू चालायला लागलं. माणूस पाऊल टाकायचा आणि ते दोन सेकंदांनी पडायचं. दार उघडलं तरी उघडायचं नाही. सोडून गेलेल्या लोकांची घरं, त्यांच्या गोठ्यातल्या गायी, कोंबड्या, पाणचक्क्या, सगळ्याचा भार त्या नॅपकिनखालच्या मशीनवर होता. बुलडोझर हा पठारावरचा जुना रहिवासी. हिंजवडीत कुठेतरी नोकरीला, मूळचा साताऱ्याकडचा, आवाज खणखणीत. खेळताना माइकवरून एकमेकांशी बोलता येतं. मी मध्ये कधी डोकावले तर त्याचाच आवाज ऐकू यायचा.

"सोवनी सर, साफसफाईचं प्लगिन टाका ना. सगळेच टाकतात. सहा महिने जो फिरकला नाही त्याचं घर आपोआप साफ."

"बघू."

"सर, तुम्ही दिवाळीपासून बघताय."

"तपासतोय."

"काय तपासताय, सर? लोक कंटाळून दुसरीकडे चाललेत."

हे मात्र खरं होतं. संध्याकाळी जिथे गजबज असायची तिथे चार-पाच जण दिसायला लागले. सोवनी रोज नवं कारण काढायचे. लिहिणारा माणूस भरवशाचा वाटत नाही. तक्रारी कमी आहेत. तक्रारी जास्त आहेत. शेवटी बुलडोझरने निर्वाणीचं सांगितलं: पंधरा दिवसांत काही झालं नाही तर उरलेलेही आम्ही निघालो.

त्या दुपारी सोवनी आमच्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि पाण्याचा पेला हातात धरून म्हणाले, "कुणी न राहिलेलं जग चालू ठेवायचं, की कुणाकुणाचं पाडून ते चालू ठेवायचं? कारखान्यात असा प्रश्न यायचा नाही."

मी म्हटलं, "काका, जे येतच नाहीत त्यांना काय कळणार?"

त्यांनी पेला ठेवला. पाणी तसंच होतं.

रविवार ठरला. मिक्सरची सूचना देऊन झाली. यावेळी त्यांना शेजारी माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं. माझं काम एकच, एका खिडकीत भराभर ओळी उमटत जातात, त्यातली तांबडी ओळ दिसली की मोठ्याने वाचायची. त्याआधी त्यांनी पठाराच्या सगळ्या प्रती घराबाहेर काढल्या. एक पेनड्राइव्ह आदल्या दिवशी स्वारगेटला बस बदलून खडकीला बहिणीकडे पोचवला होता, मुठीत धरून. सगळ्यात ताजा माझ्या तांदळाच्या डब्यात. "काम चालू असताना साठा त्याच खोलीत ठेवायचा नाही," ते म्हणाले.

प्लगिनमध्ये अपवादांची सोय होती. ज्यांचं घर पाडायचं नाही त्यांची नावं द्यायची. सोवनींनी एकच नाव टाइप केलं. खारूताई.

"ही कोण?" मी विचारलं.

"आहे एक."

मग त्यांनी शर्टाला हात पुसला आणि बटण दाबलं.

पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. मी डोळे ताणून बसले. सोवनी उभे होते, एक हात खुर्चीच्या पाठीवर. दारात सुलभाकाकू, हातात झारा तसाच. तांबडं काही येईना. मी पडद्यावर पुढे वाकले होते. मुद्रितातली चूक शोधताना कधी इतकी वाकले नव्हते. बुलडोझर माइकवर होता. "सर, एकदम हलकं झालं! सर, पळता येतंय!" त्याच्या मागे कुणीतरी शीळ घातली. मी सोवनींकडे बघून हसले. ते हसले नाहीत.

"सर," बुलडोझरचा आवाज आला, "ते तळ्याकाठचं खारूताईचं लाकडी घर पण गेलं का? ते ठेवायचं होतं ना?"

एकही ओळ तांबडी नव्हती. प्लगिनच्या हिशेबी सगळं बरोबर चाललं होतं.

मला वाटलं, आता हे कोसळतील. घोड्यासाठी तीन दिवस न जेवलेला हा माणूस. मी खुर्ची मोकळी करायला उठलेसुद्धा. पण सोवनी शांतपणे बसले. माइकवर म्हणाले, "सगळ्यांनी बाहेर पडा. दोन मिनिटांत बंद करतोय." खेचून बंद केलं नाही, नीट, पायरीपायरीने बंद केलं. मग माझ्याकडे वळून, मीठ मागावं तसं म्हणाले, "तांदळाचा डबा."

मी धावले. तांदूळ पसरले, ते सासूबाईंनी बघितले. परत आले तर सोवनींनी चष्मा पुसून ठेवला होता आणि काकू त्यांच्या शेजारी पलंगावर टेकल्या होत्या.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"मी मराठी नाव दिलं. ते नुसतं दिसण्यापुरतं. प्लगिनला खात्याचं खरं नाव लागतं. त्याच्या दृष्टीने खारूताई नावाचं कुणी नव्हतंच." त्यांनी पेनड्राइव्ह खोचला. "आठवडाभर नकलेत तपासलं. पण नकलेत सगळी घरं मी नुकतीच बांधलेली, माझीच. सहा महिन्यांचं जुनं घर आणणार कुठून?"

पठार परत उतरवून घ्यायला वेळ लागणार होता. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. आणि त्या वेळात सोवनी बोलले. एरवी ते इतकं बोलत नाहीत.

निखिल मशीन ठेवून गेला तेव्हा त्यांना या खेळातलं काहीच येत नव्हतं. चालू ठेवायचं म्हणजे काय चालू आहे ते कळायला हवं, म्हणून ते दुपारी, कुणी नसताना आत जाऊन फिरायचे. पहिल्याच दिवशी कड्यावरून पडले आणि घाबरून कॉम्प्युटर बंद करायला निघाले. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: 'काका घाबरू नका, इथे पडलं तरी परत उठता येतं.'

"मी काका आहे हे तिला कसं कळलं?" मी विचारलं.

"मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देत होतो म्हणे."

खारूताई दुपारचीच यायची. तिने त्यांना दार करायला शिकवलं, गहू लावायला शिकवलं. बोलणं सगळं लिहून; आवाज कधी ऐकला नाही. वय माहीत नाही, गाव माहीत नाही. "ताई म्हणायची स्वतःला, म्हणून ताई. तेही खरं कशावरून?" मग एक दिवस तिने लिहिलं, 'थोडे दिवस जमणार नाही. कोंबड्या बघाल?'

"मी लिहिलं, बघतो."

"कधीची गोष्ट?"

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीची."

"रोज दुपारी जातात हो," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "तिचा गहू कापतात, पेटीत भरून ठेवतात. मला वाटायचं, झोप लागत नाही म्हणून बसतात."

पट्टी भरली. सोवनींनी पठार उघडलं आणि सगळ्यात आधी तळ्याकाठी गेले. घर होतं. पुढे कुंपणात कोंबड्या फिरत होत्या. त्यांनी त्या मोजल्या. ओठ हलताना मला दिसले. मग माइक सुरू करून, पठारावर परत आलेल्या सगळ्यांना त्यांनी जे मला सांगितलं तेच थोडक्यात सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी. साफसफाई पुन्हा करू, पण ते घर राहील. ज्यांना चालणार नाही त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. माझा राग नाही."

मला वाटलं, माइक बंद पडला. सोवनींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते वायर चाचपायला लागले.

"सर," बुलडोझर म्हणाला. आवाज खणखणीत नव्हता. "टेकडीवर एक बुरूज आहे, अर्धवट. तो पण अपवादात घालाल का?"

"कुणाचा?"

"सुशांतचा. माझा रूममेट होता. तो नाही येणार आता. कुठंच नाही येणार. मलाच बुरूज नीट बघवत नव्हता, म्हणून मागं लागलो होतो. पण आज पडला तेव्हा..."

"घालतो," सोवनी म्हणाले. "खात्याचं नाव सांगा. इंग्रजी. एकेक अक्षर."

त्याने सांगितलं. सोवनींनी टाइप केलं आणि परत वाचून दाखवलं. मग आमटीभात बोलली, तिच्या बहिणीची बाग आहे म्हणाली, लग्नानंतर ती आली नाही पण येईल. मग आणखी एक जण. साफसफाई शेवटी झाली, पण तिच्या हाती लागलं ते काय, तर दोन पडकी खुराडी, एक अर्धा खणलेला खड्डा आणि निखिलने हौसेने बांधलेला पोहण्याचा तलाव. पठार होतं तितकंच हळू राहिलं. पण बुलडोझर गेला नाही. त्या संध्याकाळी काही जुनी मंडळीही परत आली.

साफसफाईआधी खारूताईचं खरं नाव मात्र शोधावं लागलं. सगळ्यांची खाती एका फाइलीत असतात. सोवनींनी ती उघडली आणि बोट लावत खाली गेले. सापडलं. नेहमीची अगम्य अक्षरं नव्हती ती. त्यात एक आडनाव होतं, सरळ वाचता येणारं, आणि मागे एका गावाचं नाव जोडलेलं.

"काका!" मी म्हटलं. "ह्यावरून सापडेल की. इंटरनेटवर टाका, दोन मिनिटांत कळेल कोण आहे, कुठे आहे."

सोवनी नाव टाइप करत होते. एकेक अक्षर तपासून.

"कळेल," ते म्हणाले.

"मग?"

"चांगलं कळलं तर आनंदच आहे. पण वैशाली, तसं नसेल तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आत्ता ती फक्त आलेली नाही."

काकू उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. सोवनींनी ते नाव अपवादांत जतन केलं, फाइल बंद केली आणि मशीनवर नॅपकिन नीट घातला. मी घरी आले, जमिनीवरचे तांदूळ गोळा केले.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला एकदा वाचलेलं नाव विसरता येत नाही. मला ते अक्षरन्‌अक्षर आठवतं. कॉम्प्युटर दिवसभर समोरच असतो. एक-दोनदा पहिली तीन-चार अक्षरं टाइपही केली.

मग खोडली.